बंदूक गेली तरी पेटी राहू द्या

डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असं ठरलं. तिसरी वर्षभरात जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची. वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही तोच हिशेब. जुन्या घरांतून तेव्हा काय झालं ते आठवून पाहा. आजोबांची दुनळी खोळीत घातली, जीपमध्ये टाकली, ठाण्यात नेली, सही करून पावती घेतली. माळ्यावरची चामड्याची लांबडी पेटी मात्र तिथंच राहिली. ती कुणी मागितली नाही, कुणी नेलीही नाही. मग कधीतरी घराला रंग काढला, माळा रिकामा झाला आणि पेटी रद्दीच्या गठ्ठ्यांबरोबर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. भंगारवाल्याने पितळी कोपरे तेवढे बाजूला काढले असतील.

ही विनंती त्या पेटीसाठी आहे. पेटी, तिच्या झाकणाआतलं लेबल, कप्प्यातली तेलाची कुपी, खरेदीचं बिल, काडतुसांची पुठ्ठ्याची खोकी, सगळ्यासाठी. बंदुकीला लायसन लागतं, नूतनीकरण लागतं, निवडणूक आली की ती बऱ्याचदा ठाण्यात नेऊन ठेवावी लागते. पेटीला यातलं काही लागत नाही. ती घरात ठेवायला कुणाची परवानगी नको. म्हणजे बंदूक ठेवणं आपल्या हातात नसेल, पेटी ठेवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि तरी आपण पहिल्यांदा घालवतो ती पेटीच.

शिकारीचं कौतुक म्हणून हे लिहीत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपत गेला, संपला ते बरं झालं. पण जी बंदूक शंभर वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमहून बोटीने निघाली आणि साताऱ्यातल्या, अकोल्यातल्या किंवा सावंतवाडीतल्या एखाद्या घरात पोचली, ती कुणी बनवली, कुणी विकली, कुणी घेतली, कशासाठी घेतली, हा आपल्या समाजाच्या इतिहासाचा भाग आहे. आणि याची बरीचशी उत्तरं बंदुकीवर नसतात. पेटीत असतात.

एक पेटी जवळून पाहू. विलायती दुनळीची चांगली पेटी साधारण पावणेतीन फूट लांब. आत ओकच्या लाकडाचा सांगाडा, वरून जाड चामडं, कोपऱ्यांना पितळ, मधोमध कुलूप आणि दोन पट्टे. झाकणावर बहुतेक वेळा मालकाच्या नावाची आद्याक्षरं ठसवलेली. झाकण उघडलं की लाल किंवा हिरवी बनात. बंदूक आत अख्खी बसत नाही, तीन तुकड्यांत बसते: एका बाजूला जोडनळ्या, दुसऱ्या बाजूला दस्ता आणि घोड्यांचा भाग, मध्ये पुढचा लाकडी हातधरा. उरलेल्या जागेत छोटे कप्पे. त्यात तेलाची कुपी, शिंगाच्या मुठीचे स्क्रूड्रायव्हर, तीन तुकड्यांत जोडायचा नळी पुसण्याचा गज, आणि दोन खोटी काडतुसं. घोडा रिकाम्या नळीवर पडून आतली पिन मोडू नये म्हणून ही काडतुसं घालून चाप ओढायचा असतो. एका वाड्यात अशी पेटी मी पाहिली तेव्हा तिच्या कप्प्यांत बटणं, दोऱ्याची रिळं आणि दाराच्या किल्ल्या होत्या. घरच्या बाईंनी ती शिवणाचा डबा म्हणून वापरली, म्हणून तर टिकली. त्या बाईंना माझा नमस्कार. वापरात आहे ते फेकलं जात नाही.

आता झाकणाच्या आतलं लेबल. त्यावर कारागिराचं नाव, मिळालेली पदकं, राजेरजवाड्यांचा आश्रय असल्याची मिरवणूक आणि दुकानाचा पत्ता. जाणकाराची नजर आधी पत्त्यावर जाते. लंडनच्या पर्डीचं दुकान आधी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर 314½ क्रमांकाला होतं. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ते साउथ ऑडली स्ट्रीटवरच्या ऑडली हाउसमध्ये गेलं, आज ते तिथंच आहे. लेबलावर ऑक्सफर्ड स्ट्रीट असेल तर पेटीचा काळ तिथल्या तिथं आवळला जातो. नळ्यांवर बर्मिंगहॅमच्या किंवा लंडनच्या चाचणीगृहाचे ठसे असतात, त्यांवरूनही काळ कळतो, पण ढोबळ. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्यासारख्या घराण्यांच्या जुन्या वह्या अजून शाबूत आहेत. बंदुकीचा क्रमांक कळवला तर पहिलं गिऱ्हाईक कोण ते सापडू शकतं. पण आपल्याकडच्या घरांतल्या बहुतेक बंदुका या घराण्यांच्या नाहीत. त्या बर्मिंगहॅमच्या लहानमोठ्या कारखान्यांत घडल्या आणि दुसऱ्याच दुकानाच्या नावाने विकल्या गेल्या. त्यांच्या वह्या सहसा मिळत नाहीत. तिथं लेबल हाच दाखला.

मुंबईचंच उदाहरण घ्या. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग सगळ्यांना ठाऊक असते. 1871 मध्ये लंडनला निघालेल्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीने 1891 मध्ये मुंबईत आपलं भांडार उघडलं. ही मंडळी चहादाणीपासून तंबूपर्यंत सगळं विकत, आणि बंदुकाही विकत, इतरांकडून घडवून घेऊन स्वतःचं नाव कोरलेल्या. 1934 मध्ये संस्थेचं नाव बदलून ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ झालं. म्हणजे लेबलावर ‘सोसायटी’ आहे की ‘स्टोअर्स’ एवढ्यावरून बंदूक त्या साली अलीकडची की पलीकडची ते समजतं. कलकत्त्याला मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही नावाजलेली दुकानं होती. तिथून आलेल्या पेटीत कधीकधी दोन लेबलं दिसतात, एक घडवणाऱ्याचं, एक विकणाऱ्याचं. बर्मिंगहॅम ते कलकत्ता आणि कलकत्ता ते आपलं गाव असा प्रवास त्या दोन कागदांच्या चिठोऱ्यांवर असतो. ते खरवडून काढून त्या जागी गणपतीचं चित्र चिकटवलेली पेटीही पाहण्यात आली आहे. देवाला हात जोडले, दुसरं काय करणार.

काही पेट्यांत लेबलाशेजारी एक छोटं कार्ड असतं. किती दारू, किती छर्रे, नळीत किती लांबीचं काडतूस बसतं, हे त्यावर लिहिलेलं. हे केवळ हौसेचं नाही. जुन्या बाराबोर बंदुका अडीच इंची काडतुसासाठी घडलेल्या असतात, आजची काडतुसं पुष्कळदा पावणेतीन इंची असतात. जुन्या पिळाच्या, म्हणजे डमास्कस नळ्या तर बहुधा काळ्या दारूसाठी तपासलेल्या. ज्याच्याकडे ती बंदूक पुढे चालू स्थितीत जाईल, त्याच्या बोटांची आणि डोळ्यांची काळजी त्या कार्डावर आहे. कार्ड पेटीबरोबर गेलं की ही माहितीही गेली.

पेटी ही बंदुकीची उपरी वस्तू नव्हे, याचा सगळ्यात ठसठशीत दाखला आपल्या क्रांतिकारकांच्या इतिहासात आहे. 26 ऑगस्ट 1914. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचा माल सोडवून आणायला त्यांचाच कारकून श्रीशचंद्र मित्र कस्टम हाउसवर गेला. 202 खोकी होती. त्याने 192 दुकानात पोचती केली. उरलेली 10 बैलगाडीतून नाहीशी झाली, आणि त्यांच्याबरोबर 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 गोळ्या. पुढे 1918 च्या राउलट समितीने अहवालात या मालाचं वर्णन केलं, त्यात पिस्तुलाच्या बांधणीची खास दखल आहे. माउझर ज्या लाकडी पेटीत ठेवलेलं असे, तीच पेटी मुठीला अडकवली की दस्ता व्हायची आणि पिस्तूल खांद्याला लावून रायफलीसारखं चालवता यायचं. पुढच्या वर्षी 9 सप्टेंबरला बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले ते याच माउझरांनिशी. संग्रहालयात नुसतं माउझर पाहणाऱ्याला अर्धं हत्यार दिसतं. बाकीचं अर्धं म्हणजे ती पेटी. त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट: प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि रॉडाकडे त्या क्रमांकांची यादी होती, म्हणून नंतर सापडलेली पिस्तुलं कुठली ते पोलिसांना ओळखता आलं. मालाबरोबरचे कागद काय करू शकतात ते इंग्रज पोलिसांना कळलं होतं. आपल्याला कधी कळणार?

नाशिकचं उदाहरण आणखी जवळचं. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या ब्राउनिंगमधून गोळ्या झाडल्या, ते लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ती ट्रंकेच्या चोरतळात लपवून मुंबईला आणली. पिस्तुलाबद्दल आपण शंभर वेळा वाचलं आहे. त्या ट्रंकेबद्दल कुणाच्या मनात प्रश्न तरी येतो का?

विलायती, चामड्याच्या, राजेशाही पेट्यांपुरतंच हे आहे असं मात्र समजू नका. मला तर साध्या पुठ्ठ्याची काळजी जास्त वाटते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. तिथली ‘शक्तिमान’ छापाची बाराबोर काडतुसं उभ्या महाराष्ट्रात गेली. शेतात डुकरं हुसकावायला, लग्नात बार काढायला, राखणीला. त्यांची खोकी कुणी जपावी? त्यात खिळे ठेवले, बिल्ले ठेवले, शेवटी चुलीत घातली. त्या खोक्यांवर ‘ऑर्डनन्स फॅक्टरी’चा शिक्का आहे. 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच बरखास्त झालं आणि त्याच्या सात कंपन्या झाल्या. खडकीचा कारखाना आता म्युनिशन्स इंडियात आहे, कानपूरचा रिव्हॉल्व्हरचा कारखाना दुसऱ्या कंपनीत. म्हणजे परवा-परवापर्यंत दुकानात मिळणारं खोकं एका संपलेल्या संस्थेचा पुरावा झालं आहे. 2014 मध्ये कानपूरने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर काढलं, ते दागिन्यांच्या डबीसारख्या किरमिजी पेटीत घालून विकलं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर बाईच्या हाती हत्यार द्यायचं, तेही दागिना म्हणून. त्या काळाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे रिव्हॉल्व्हर बघून कळणार नाही, डबी बघून कळेल. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी कृपा करून तिच्यात बांगड्या ठेवू नयेत.

अमेरिकेत हे शहाणपण फार पूर्वी आलं. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या पुठ्ठ्याच्या डब्याखाली कारखान्यातल्या माणसाने पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला असतो, कोल्टच्या डब्याच्या बाजूला लेबलावर तो असतो. रिव्हॉल्व्हरचा आणि डब्याचा क्रमांक जुळला की जोडी खरी. किंमत इतकी वाढते की नुसते डबे विकले जातात आणि नकली डबेही छापले जातात. आपल्याकडे तो बाजार नाही, तो यावा अशी माझी इच्छाही नाही. पण त्यातून एक नियम उचलण्यासारखा आहे: एका बंदुकीच्या पेटीत दुसरी बंदूक घालून जोडी म्हणून कुणाला देऊ नका. मूळ पेटी नसेल तर ‘नाही’ म्हणा. खोटी जोडी लावली की दोन्ही वस्तूंची साक्ष बिघडते.

आता जपायचं कसं. इथं लोक सर्वांत जास्त चुकतात, आणि प्रेमाने चुकतात. पेटी जपा म्हणजे बंदूक कायम पेटीत ठेवा असं नव्हे. उलट, वर्षानुवर्षं बंद पेटीत ठेवलेली बंदूक गंजते. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते, चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं असतात, आणि बनात म्हणजे लोकर, ती हवेतलं पाणी शोषून धरते. कोकणात किंवा मुंबईत आषाढ-श्रावणात अशी पेटी बंद राहिली की नळीवर बनातीच्या विणीचा नकाशाच गंजून उमटतो. शिशाच्या गोळ्या लाकडी खणात पांढऱ्या भुकटीने फुलतात तेही याच वाफेमुळे. म्हणून लायसनची बंदूक पोलादी कपाटात, कुलपात, तेल लावून ठेवा, आणि पेटी स्वतंत्र ठेवा. जोडी कागदावर टिकवा.

पेटी जमिनीला टेकवू नका, बाहेरच्या भिंतीलाही लावू नका. वाळवी तिथूनच येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली तर आतली ओल आतच राहते. जुनं सुती धोतर धुऊन, खळ काढून त्यात बांधा. बनातीला कसर लागते, लेबलाच्या खळीवर झुरळं येतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पेटी उघडून सावलीत वारा द्या, उन्हात नको. चामड्याला बुटाचं पॉलिश किंवा खोबरेल लावायचा मोह होईल, तो आवरा. चामड्याची लाल भुकटी सुटत असेल तर ते चामडं कुजत चाललं आहे, चोळलं तर आणखी निघेल. फाटलेली बनात बदलून नवी मखमल लावून घेऊ नका. लेबलाला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन नको, त्यावर पेनाने काही लिहिणं नको. बिल, जुन्या लायसनच्या प्रती, काडतुसांच्या पावत्या यांना रबरबँड लावू नका, ते कागदाला चिकटून वितळतं. सरळ कागदी पाकिटात ठेवा. आणि सगळ्याचे फोटो काढा, लेबलाचा फोटो आधी.

एक इशारा, कारण उत्साहाच्या भरात घोटाळा होऊ शकतो. पेटीला लायसन लागत नाही, पण पेटीत काय आहे ते नीट पाहा. कप्प्यात विसरलेलं जिवंत काडतूस असेल, किंवा दुसऱ्या जोडनळ्या असतील, तर ते कायद्याच्या कक्षेत येतं. बंदुकीचे भागही बंदुकीतच मोजतात. असं काही सापडलं तर घरात ठेवू नका, परवानाधारक दुकानदाराला किंवा ठाण्याला सांगा. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची वस्तू परदेशी पाठवायला 1972 च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे. ‘विंटेज’ म्हणून चोरबाजारात पेट्या हेरणाऱ्या पाहुण्यांना हे सांगायला हरकत नाही.

मग कुणी काय करायचं? बंदूक दुकानदारांनो, तुमच्याकडे जमा होणारी प्रत्येक जुनी बंदूक घेताना एक प्रश्न विचारा: पेटी कुठंय? विचारायला पैसे पडत नाहीत. तुमच्या स्वतःच्या दुकानाच्या जुन्या पावतीपुस्तकांवर, लेटरहेडवर आणि लेबलांवर जी वाळवी चढली आहे, ती आधी झटका. सत्तर-ऐंशी वर्षं चाललेली काही दुकानं आता बंद होत आहेत आणि जिल्ह्यात कोणत्या घरात कोणती बंदूक गेली याची जुनी नोंद त्यांच्या पोटमाळ्यावर आहे. परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात 1980 च्या दशकात थांबल्यापासून नवा विलायती माल फारसा आलेला नाही. आहे तेवढाच आहे, आणि त्याचे कागद त्याहून कमी.

ठाणेदारसाहेब, तुमच्या मुद्देमाल खोलीत जागा नसते हे मान्य. पेटी तुम्ही घेऊ नका, तिथं तिचे हालच होतील. पण ‘पेटी घरीच सांभाळा’ हे एक वाक्य बंदूक जमा करायला आलेल्या माणसाला सांगा.

संग्रहालयांनो, तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयापासून कोल्हापूरच्या न्यू पॅलेसपर्यंत शस्त्रं पाहायला गर्दी होते. तलवारी, कट्यारी, ठासणीच्या बंदुका भिंतीवर पंख्यासारख्या मांडण्याची पद्धत देशभर आहे, दिसायला झोकदार असते. पण कुणी घरची बंदूक देणगी द्यायला आलं तर पेटी, गज, बिल, सगळं मागून घ्या आणि एकाच नोंदणी क्रमांकाखाली लिहा. बंदूक दालनात आणि पेटी भांडारात असं झालं तरी चालेल, नोंद एक हवी. पेटी उघडी ठेवून, लेबल दिसेल अशी मांडा. लोक थांबून वाचतात.

आणि घरातले तुम्ही. येत्या उन्हाळ्यात माळा आवरायला काढाल तेव्हा लांबडी पेटी दिसली तर आधी ती उघडा. बंदूक अजून घरात असेल तर तिचा क्रमांक लायसनवर असतो. एका कागदावर तो क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव, बोअर, आणि ‘ही पेटी याच बंदुकीची’ असं पेन्सिलीने लिहून आत ठेवा. बंदूक ठाण्यात गेली असेल तर जमा-पावतीची झेरॉक्स त्याच पेटीत घाला. बंदूक कुणाला विकली असेल तर घेणाऱ्याचं नाव आणि साल लिहा, आणि शक्य असेल तर त्यांना फोन करून पेटी देऊन टाका. आजोबांबद्दल आजीला जे आठवतंय, बंदूक कुठून आणली, कोण बरोबर होतं, किती रुपये पडले, ते तिच्या शब्दांत उतरवून घ्या आणि त्याच पाकिटात ठेवा. आजी नव्वदीची असेल तर हे काम उन्हाळ्यावर ढकलू नका, या रविवारीच जा.